जपानी डिक्शनरी ॲपमध्ये शब्द सापडत नाही? बिघाड शोधायचा कुठे

तक्रार ठरलेली असते. शब्द स्पष्ट ऐकू आलेला असतो किंवा पानावर छापलेला दिसत असतो, पण ॲपमध्ये टाकला की एकही नोंद येत नाही. नाहीतर भलत्याच शब्दाचा अर्थ समोर येतो. मग ॲप बदललं जातं, आणि दुसऱ्या ॲपमध्येही तेच होतं.

यामागे कारण आहे. जिशो, ताकोबोतो, शिराबे जिशो, इमिवा अशा बहुतेक मोफत ॲपांच्या पोटात एकच शब्दसंग्रह आहे. जिम ब्रीन यांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या ‘इडिक्ट’ या कोशातून वाढलेला ‘जेएमडिक्ट’ तो हा. सगळ्या ॲपांचा माल एकच असल्यामुळे ॲप बदलून नवीन शब्द मिळत नाहीत, फक्त शोधण्याची पद्धत थोडी बदलते. रोजच्या वापरातला शब्द या संग्रहात नाही असं क्वचितच घडतं. बिघाड जवळजवळ नेहमी अलीकडे असतो: कान किंवा डोळ्यापासून सर्चच्या चौकटीपर्यंत येताना शब्दाचं रूप बदललेलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: हा शब्द माझ्यापर्यंत आला कसा? ऐकून, वाचून, की कॉपी-पेस्ट करून? त्यावर दुरुस्ती ठरते.

(पुढे जपानी शब्द देवनागरीत लिहिताना काना, म्हणजे हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या, यांतलं प्रत्येक अक्षर वेगळं दिसेल असं ठेवलं आहे. ‘कोउकोउ’ म्हणजे को-उ-को-उ अशी चार अक्षरं.)

ऐकलेला शब्द सापडत नाही

सर्वांत मोठा दोषी दीर्घ स्वर. मराठी वाचकाला इथे एक खास अडचण आहे. देवनागरीत ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ, ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगळी चिन्हं नाहीत. वहीत ‘कोको’ लिहिलं की तो ‘कोको’ (इथे) आहे की ‘कोउकोउ’ (हायस्कूल) हे दुसऱ्या दिवशी कळायला मार्ग उरत नाही. दुसरी गोम शुद्धलेखनाची. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायची आपल्या हाताला सवय असते. त्यामुळे ‘चि’ (रक्त) आणि ‘चिइ’ (पद, दर्जा) हे दोन्ही वहीत ‘ची’ होऊन बसतात. जपानीत स्वराची लांबी बदलली की शब्दच बदलतो: युकि म्हणजे बर्फ, युउकि म्हणजे धैर्य; ओबासान म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई, ओबाआसान म्हणजे आजी; बिरु म्हणजे इमारत आणि त्यातला इ लांबवला की बिअर.

उपाय या क्रमाने करून पाहा:

१. प्रत्येक ओ, उ, इ, ए एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ करून शोधा. दोन स्वर संशयित असतील तर चार शक्यता होतात. तेवढा वेळ द्या.

२. दीर्घ ओ आधी ‘ओउ’ असा टाइप करा. चिनी मुळाच्या शब्दांत तोच असतो: तोउक्योउ, गाक्कोउ, बेनक्योउ. थोड्या अस्सल जपानी शब्दांत मात्र ‘ओओ’ लागतो. ते पाठच करावेत: ओओकिइ (मोठा), ओओइ (पुष्कळ), तोओइ (दूर), तोओ (दहा), तोओरु (जाणे, पार होणे), कोओरि (बर्फाचा खडा), होनोओ (ज्वाळा). ‘तोउइ’ टाइप केलंत तर ‘दूर’ मिळणार नाही.

३. दीर्घ ए बहुतेक वेळा ‘एइ’ असतो: सेनसेइ, एइगा. ओनेएसान (ताई) हा नेहमीचा अपवाद.

४. तरी नाही सापडला तर तारांकन वापरा. बऱ्याच ॲपांत तारांकनाचा अर्थ ‘इथे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा’ आणि प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘इथे नेमकं एक अक्षर’. ‘क्यो’ आणि ‘का’ यांच्या मध्ये तारांकन टाकलं की क्योका (परवानगी) आणि क्योउका (बळकटी) दोन्ही एकाच यादीत दिसतात. यादी लांब येते, पण वारंवारतेची खूण असलेले शब्द आधी पाहिले की काम भागतं.

काताकानातल्या शब्दांत दीर्घ स्वर आडव्या रेघेने दाखवतात. ती रेघ कीबोर्डवरच्या हायफनने येते. तिच्याऐवजी स्वर दोनदा टाइप केला तर काही ॲपं समजून घेतात, काही घेत नाहीत.

दुसरा दोषी ‘न्’. बोलण्यात त्याचा त्रास मराठी जिभेला होत नाही, कारण आपला अनुस्वार असाच वागतो: प-ब-मच्या आधी म्, क-गच्या आधी ङ्. ‘शिनबुन’चा उच्चार ‘शिंबुन’ होणं आपल्याला नैसर्गिक वाटतं. अडचण येते टाइप करताना. कानाला म् ऐकू येतो म्हणून रोमन ‘एम’ दाबलं की शब्द अडकतो. तिथे ‘एन’च हवा. आणि ‘न्’नंतर स्वर किंवा य आला की रोमन अक्षरं चिकटून वेगळाच शब्द होतो. किन्‌एन (धूम्रपानबंदी) टाइप करायला जावं आणि किनेन (स्मरण) यावं. तान्‌इ (एकक) हवं आणि तानि (दरी) मिळावं.

इथे कीबोर्ड आणि ॲप यांच्यात एक फरक आहे. तो माहीत नसल्यामुळे अनेक जण चक्रावतात. फोनच्या जपानी रोमाजी (रोमन अक्षरांच्या) कीबोर्डवर ‘एन’ दोनदा दाबलं की सुटा ‘न्’ पूर्ण होतो, आणि पुढचा स्वर सुटा पडतो. म्हणून ‘कोन्निचिवा’ रोमनमधल्या दोन ‘एन’नी टाइप केल्यावर ‘कोन्‌इचि...’ असं काहीतरी उमटतं. तिथे ‘एन’ तीनदा लागतो. (शिवाय शेवटचं अक्षर ‘वा’ ऐकू येत असलं तरी लिहितात ‘हा’.) याउलट इंग्रजी कीबोर्डवरून ॲपच्या चौकटीत रोमन अक्षरं टाकली की ॲपचं स्वतःचं रूपांतर सहसा पहिला ‘एन’ सुटा आणि दुसरा पुढच्या स्वराचा असं धरतं. दोन्हीकडे चालणारी युक्ती म्हणजे ‘एन’नंतर अपॉस्ट्रॉफी. त्यापेक्षाही बरं म्हणजे फोनवर बारा बटणांचा काना कीबोर्ड शिकून घेणं. दोन आठवडे हात अडखळतो, मग रोमनचा हा सगळा गोंधळ कायमचा संपतो.

बाकीची टंकलेखनाची ठिकाणं थोडक्यात. जोडाक्षरासारखा थांबा (छोटा त्सु) पुढचं व्यंजन दोनदा दाबून येतो. एकटाच हवा असेल तर ‘एक्स-टी-यू’ किंवा ‘एल-टी-यू’. ‘झु’ दोन आहेत, ‘जि’ही दोन. त्सुझुकु (चालू राहणे), किझुकु (लक्षात येणे), मिकाझुकि (चंद्रकोर) यांतला ‘झु’ हा ‘त्सु’वरून आलेला, तो ‘डी-यू’ने टाइप करायचा. हानाजि (नाकातून येणारं रक्त) यातला ‘जि’ म्हणजे रक्ताचा ‘चि’, म्हणून ‘डी-आय’. ‘झेड’ आणि ‘जे’ वापरून हे शब्द काटेकोर ॲपांत येत नाहीत.

‘त्सु’चा उच्चार मराठी माणसाला सहज जमतो, कारण ‘चमचा’मधला च तोच. पण वहीत ‘चु’ लिहून ठेवलं की पंचाईत. त्सुउशिन (दळणवळण, संदेशवहन) आणि चुउशिन (मध्य) दोन्ही ‘चुशिन’ दिसतात. वहीत कायम ‘त्सु’ लिहा.

आणि न ऐकू येणारे स्वर. क, स, श, त, च, ह, प अशा अघोष व्यंजनांच्या मध्ये अडकलेले किंवा त्यांच्यानंतर शब्दाच्या शेवटी येणारे इ आणि उ जपानी बोलण्यात जवळजवळ गळून पडतात. सुकोशि ‘स्कोशि’ ऐकू येतं, शिता ‘श्ता’, देसु ‘देस’. जपानीत न् आणि छोटा त्सु सोडून व्यंजन एकटं उभं राहत नाही. त्यामुळे कानाला जोडाक्षर आलं तर मध्ये स्वर हरवला आहे हे नक्की. श् आणि च्‌नंतर इ घाला, स् आणि त्स्‌नंतर उ. क्‌नंतर दोन्ही करून पाहा.

क्रियापद सापडत नाही

डिक्शनरीत क्रियापदाचं फक्त मूळ रूप असतं. चांगली ॲपं एक-दोन प्रत्यय स्वतः सोलतात, पण प्रत्ययांची माळ लांबली किंवा बोलीतलं आखडलेलं रूप आलं की हात टेकतात. तेव्हा ते काम आपण करायचं, आणि करायचं शेवटाकडून. ‘ताबेसासेरारेताकुनाकात्ता’ घ्या. शेवटचं ‘नाकात्ता’ म्हणजे भूतकाळी नकार, ते काढलं. ‘ताकु’ म्हणजे इच्छेचा ‘ताइ’. ‘रारे’ कर्मणी, ‘सासे’ प्रयोजक. उरलं ‘ताबे’, म्हणून मूळ ताबेरु. अर्थ: जबरदस्तीने खायला लावलेलं नको होतं.

‘ते’ रूपावरून मागे जाताना खरी कसोटी लागते, कारण वाट एकापेक्षा जास्त ठिकाणी फुटते:

- ‘त्ते’ असेल तर मूळ शेवट उ, त्सु किंवा रु. ‘कात्ते’ हे काउ (विकत घेणे), कात्सु (जिंकणे), कारु (कापणी करणे) या तिघांचंही रूप आहे. तिन्ही शोधा, वाक्यात कोणतं बसतं ते पाहा.
- ‘न्दे’ असेल तर मु, बु किंवा नु. नु-वालं आजच्या भाषेत एकच, शिनु (मरणे), त्यामुळे प्रत्यक्षात मु आणि बु एवढेच तपासायचे.
- ‘इते’ तर कु, ‘इदे’ तर गु, ‘शिते’ तर सु. पण नुसता ‘शिते’ म्हणजे सुरु, आणि ‘किते’ म्हणजे कुरु (येणे) किंवा किरु (अंगात घालणे).
- ‘इत्ते’ हा मोठा सापळा. इउ (म्हणणे), इरु (लागणे, हवे असणे) नियमाने, आणि इकु (जाणे) अपवादाने.

नकारार्थी रूपात ‘वा’ दिसला तर तो मुळात ‘उ’ असतो: कावानाइ वरून काउ. ‘कावु’ शोधणारे खूप, आणि तो शब्दच नाही.

बोलीतली आखडलेली रूपं आधी उलगडून घ्या. ‘चात्ता’ म्हणजे ‘ते शिमात्ता’, ‘जात्ता’ म्हणजे ‘दे शिमात्ता’, ‘तेरु’ म्हणजे ‘ते इरु’, ‘तोकु’ म्हणजे ‘ते ओकु’, ‘नाक्या’ म्हणजे ‘नाकेरेबा’. शेवटी ‘हेन’ ऐकू आलं (वाकाराहेन) तर ती ओसाका-क्योतो बाजूची कानसाई बोली, आणि ‘हेन’ म्हणजे ‘नाइ’. आदरार्थी ‘ओमाचि कुदासाइ’सारख्या रूपात पुढचा ‘ओ’ आणि मागचं ‘कुदासाइ’ काढा. ‘माचि’चा इकार उकार झाला की मात्सु (थांबणे). ‘बेनक्योउ शिमासु’ हे अख्खं शोधू नका. नोंद ‘बेनक्योउ’खाली आहे आणि तिथेच ‘सुरु’ लागतो अशी खूण असते.

अख्खं वाक्य चिकटवल्यावर ॲपने चुकीच्या जागी तोडलं तर कांजीपासून (चिनी मुळाचं अक्षर) तिच्या मागे लागलेल्या हिरागानापर्यंतचाच तुकडा ठेवा. वा, गा, ओ, नि हे प्रत्यय बाहेर काढा.

छापलेली कांजी सापडत नाही

बोटाने काढत असाल तर रेघांची संख्या आणि क्रम पाळा. अनेक ओळखयंत्रं चित्र पाहत नाहीत, बोट कुठून कुठे गेलं ते पाहतात. तोंडाचा चौकोन (कुचि) चार रेघांत काढला की चुकतो, तो तीन रेघांचा: डावी उभी, मग वर आणि उजवी एका झटक्यात, मग खालची. ‘मिगि’ (उजवं) तिरप्या रेघेने सुरू होतं, ‘हिदारि’ (डावं) आडव्या रेघेने, जरी छापील रूपात डोकं सारखंच दिसतं. चौकट भरून मोठं काढा.

घटकांवरून शोधायचं असेल तर दोन खात्रीचे घटक निवडा आणि थांबा. तिसरा अंदाजाने निवडला की यादी रिकामी होते. पुष्कळ ॲपांत घटकांच्या बटणांवर खरा घटक नसतो, त्याच्या जागी तो घटक असलेली पूर्ण कांजी असते, कारण या घटकसूचीत पूर्वीच्या मर्यादित अक्षरसंचामुळे बदली चिन्हं वापरावी लागली. पाण्याचे तीन थेंब (सानझुइ) हवे असतील तर ‘शिरु’ (रस) ही कांजी दाबायची. चालण्याचं चिन्ह (शिन्न्योउ) हवं तर ‘कोमु’ (गर्दी होणे) ही. आणि कानासारखं दिसणारं तीन रेघांचं चिन्ह डाव्या बाजूला असेल तर ते वेगळं, उजव्या बाजूला असेल तर वेगळं. दोघांना दोन बटणं आहेत, आकार अगदी एकच. इथे पुष्कळ जण अडतात. एकूण रेघांचा आकडा देत असाल तर एक कमी आणि एक जास्तही पाहा.

काताकाना आणि कांजी यांचे जुळे आकारही तपासा. काताकाना ‘का’ आणि ‘चिकारा’ (शक्ती), काताकाना ‘रो’ आणि ‘कुचि’, काताकाना ‘ता’ आणि ‘युउ’ (संध्याकाळ), दीर्घ स्वराची रेघ आणि ‘इचि’ (एक): दिसायला एक, संगणकाला वेगळे. कॅमेऱ्याने ओळखवलेल्या मजकुरात हीच अदलाबदल सर्वांत जास्त होते. शि-त्सु आणि सो-न ही काताकानातली जोड्यांची गल्लतही तिथलीच. कॅमेरा वापरताना एकच ओळ कापून घ्या आणि फुरिगाना (कांजीवर छापलेले बारीक काना) शक्य तितके बाहेर ठेवा, नाहीतर ते मुख्य ओळीत मिसळतात. मजकूर उभा असेल तर ॲपमध्ये उभ्याची निवड करा.

कांजी सापडते पण पुस्तकातल्यापेक्षा वेगळी दिसते, तर शब्दसंग्रह ठीक आहे, फाँट चिनी आहे. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी संगणकी पद्धत) चिनी आणि जपानी रूपांना बहुतेक ठिकाणी एकच क्रमांक आहे, आणि कोणतं रूप दाखवायचं ते फोन भाषांच्या यादीवरून ठरवतो. ‘होने’ (हाड) पाहा: वरच्या भागातला आतला छोटा कोपरा जपानी रूपात उजवीकडे असतो, चीनमधल्या सरलीकृत रूपात डावीकडे. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत जपानी जोडा. मराठी पहिली राहू दे. जपानी फक्त चिनीच्या वर हवी. ॲप बंद करून उघडा. हे न करता लिहिण्याचा सराव केला तर चुकीचा आकार हातात बसतो, आणि तो मोडायला फार वेळ जातो.

कॉपी केलेला शब्द सापडत नाही

हा प्रकार सर्वांत फसवा, कारण डोळ्याला सगळं बरोबर दिसतं. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात काही वेळा ‘इचि’, ‘हितो’, ‘मिझु’ अशा साध्या कांजींच्या जागी युनिकोडमधली मूलघटकांची चिन्हं येतात. चिनी कोशपरंपरेतल्या २१४ मूलघटकांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहेत, आकार तोच पण क्रमांक वेगळा. ॲप क्रमांक पाहतं, म्हणून शून्य निकाल. तपासायला संशयित अक्षर पुसून तेच कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. नोंद आली की निदान झालं. पूर्ण पानच असं असेल तर कॉपी करू नका, स्क्रीनशॉट घेऊन अक्षर ओळखवून घ्या.

त्याच जातीच्या आणखी तीन गोष्टी: शब्दाच्या मध्ये आलेली ओळतोड, वेबपानावरून कांजीसोबत उचलले गेलेले फुरिगाना, आणि अर्ध्या रुंदीचा काताकाना. शेवटच्यात ‘गा’ हे ‘का’ आणि त्याची दोन टिंबं अशी दोन अक्षरं म्हणून साठवलेलं असतं. तिन्हींवर इलाज एकच, तेवढा शब्द हाताने टाइप करणं.

नोंद येते, पण अर्थ बसत नाही

रोमन अक्षरांत टाकलेला इंग्रजी शब्द जपानी म्हणून वाचला जातो हे एक कारण. ‘सेम’ या इंग्रजी शब्दाची अक्षरं जपानीत ‘सामे’ (शार्क) होतात, ‘मेक’ची ‘माके’ (हार). जिशोमध्ये शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकला की तो इंग्रजी म्हणूनच शोधला जातो.

एकाच कांजीचे दोन उच्चार हे दुसरं. ‘काराइ’ (तिखट) आणि ‘त्सुराइ’ (यातनादायक) लिहायला एकच. ‘निन्कि’ (लोकप्रियता) आणि ‘हितोके’ (माणसांची चाहूल) एकच. ‘इत्ता’ (गेला) आणि ‘ओकोनात्ता’ (पार पाडलं) हेही एकच. पहिल्या नोंदीवर थांबू नका, खाली सरका.

तिसरं आणि सर्वांत खोल कारण म्हणजे अर्थ इंग्रजीतून येतो. इंग्रजीतल्या एका शब्दाखाली दबलेला फरक मराठीत अनेकदा उघड असतो, त्याचा फायदा घ्या. सामुइ आणि त्सुमेताइ दोन्हीपुढे इंग्रजीत एकच शब्द दिसतो. मराठीत सामुइ म्हणजे थंडी वाजणे, त्सुमेताइ म्हणजे हाताला गार लागणे. आनि म्हणजे दादा, ओतोउतो म्हणजे धाकटा भाऊ. ओचिरु-ओतोसु ही जोडी म्हणजे पडणे-पाडणे, तोमारु-तोमेरु म्हणजे थांबणे-थांबवणे. नोंदीतली सकर्मक-अकर्मक ही खूण पाहून लगेच मराठी जोडी शेजारी लिहा. चुकीच्या क्रियापदाने बनलेली निम्मी वाक्यं तिथेच टळतात.

नोंदीवरच्या इतर खुणाही वाचा: ‘जुना’, ‘कालबाह्य’, ‘बहुधा काना लिपीत लिहितात’. उदाहरणवाक्यं मात्र जपून वापरा. त्यांतली पुष्कळशी ‘तानाका कॉर्पस’ या संग्रहातून आली आहेत. प्राध्यापक यासुहितो तानाका यांनी तो विद्यार्थ्यांकडून वाक्यं गोळा करून बनवला होता, आणि त्यात चुका राहिल्या. पुढे बऱ्याच दुरुस्त झाल्या, पण एका वाक्यावर विसंबू नये.

आवाज चुकीचा येतो

फोनचा यांत्रिक आवाज कांजी पाहून अंदाज बांधतो. ‘काराइ’ला ‘त्सुराइ’ वाचलं तर कांजीऐवजी काना वाचायला लावा. आवाजच येत नसेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये मजकूर-वाचनाखाली जपानी आवाज डाउनलोड करा. सूर पाहायचा तर उच्चाराशेजारचा आकडा (ॲप दाखवत असेल तर) बघा: ० म्हणजे पहिलं अक्षर खाली आणि मग सपाट वर, १ म्हणजे पहिल्या अक्षरानंतर सूर उतरतो. ‘हाशि’ला १ असेल तर जेवणाच्या काड्या, २ असेल तर पूल, ० असेल तर कडा.

सगळं करूनही नाहीच सापडला

शब्दामागे ‘सान’ किंवा ‘कुन’ असेल तर ते बहुतेकदा नाव असतं; नावांचा संग्रह, जेएमनेडिक्ट, वेगळा असतो आणि काही ॲपांत तो चालू करावा लागतो. ऑफलाइन ॲपचा शब्दसंग्रह जुना असेल तर तो पुन्हा डाउनलोड करा. त्यानंतर शब्दापुढे हिरागानात ‘तोवा’ (लिहिताना तो-हा) जोडून साध्या सर्च इंजिनमध्ये टाका. जपानी लोक स्वतः अनोळखी शब्दाची व्याख्या अशीच शोधतात, आणि ताजी बोलभाषा तिथेच सापडते. शब्द खरा निघाला आणि कोशात नसला तर जेएमडिक्टमध्ये नवीन नोंद कोणालाही सुचवता येते. शब्द, काना, अर्थ आणि तो कुठे वापरला आहे त्याचा पुरावा द्यावा लागतो. संपादक तपासून घेतात, आणि पुढच्या अद्ययावतीकरणात तो शब्द या सगळ्या ॲपांत पोहोचतो.